गोष्टीतल्या पोराला काहीतरी करू द्या

आपल्या मासिकाच्या मराठी विभागाकडे दरवर्षी ज्या कथा येतात, त्यात एक मुलगा हमखास असतो. तुम्हीही त्याला ओळखता. तो सिग्नलवर गजरे विकतो किंवा स्टँडसमोरच्या टपरीवर कपबशा विसळतो. अंगातला शर्ट फाटका, डोळे मात्र ‘टपोरे आणि निरागस’. बाहेर पाऊस चालू असतो किंवा दिवाळी असते. (दिवाळीला पसंती जास्त.) कथेचा नायक म्हणजे आपल्यासारखाच कुणीतरी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. तो त्या मुलाकडे बघतो, त्याला स्वतःचं बालपण आठवतं, घशात आवंढा येतो. मग तो मुलाला दहाची नोट देतो किंवा द्यायची विसरतो आणि शेवटच्या ओळीत कळी कोमेजते. कथेचं नाव ‘हरवलेलं बालपण’. एका वर्षी याच नावाच्या दोन कथा आल्या होत्या म्हणे!

कुणाची टिंगल करायची म्हणून हे लिहीत नाहीये. लिहिणाऱ्याला खरोखर वाईट वाटलेलं असतं, हे कागदावर कळतं. अक्षर बघितलं तरी कळतं. पण अशा चार-पाच कथा ओळीने वाचल्या की एक गोष्ट खटकायला लागते. या मुलाच्या बाबतीत सगळं काही घडतं, तो स्वतः मात्र काहीच करत नाही. तो उभा असतो, भिजतो, टपोऱ्या डोळ्यांनी बघतो. त्याला राग येत नाही, तो खोटं बोलत नाही, गल्ल्यातले दोन रुपये ढापत नाही, मालकाच्या मागे त्याची नक्कल करत नाही. मखरात बसवलेला गणपतीसुद्धा याच्यापेक्षा जास्त हालचाल करत असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की बालपण हरवण्याच्या ज्या गोष्टी खरोखर मनात राहतात, त्यांतलं मूल काहीतरी करतं. कधी वाईट करतं, कधी वेड्यासारखं करतं, पण करतं. आणि जे हरवतं, ते त्या करण्यापाशीच हरवतं.

आता मी हे कोणत्या अधिकाराने बोलते? कोणत्याच नाही. मी ई अँड टीसीची आहे, कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठी गोष्टीची पुस्तकं स्वतःहून वाचायला लागले ती हॉस्टेलवर आल्यावर. शाळेत आमच्यासाठी हा विषय म्हणजे ‘लॉस ऑफ इनोसन्स’ नावाची एक थीम होती. कुठल्याही धड्याखाली प्रश्न आला की ती थीम लिहायची, दोन उदाहरणं द्यायची, चार मार्क. अँडरसनची ‘द लिटल मॅच गर्ल’ आम्हाला होती. १८४५ सालची गोष्ट. नववर्षाच्या आदल्या रात्री काड्यापेट्या विकणारी मुलगी थंडीने गारठून मरते. वर्गात निम्म्या मुली रडल्या होत्या. गोष्ट चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या मासिकातला तो सिग्नलवरचा मुलगा तिचाच दूरचा भाऊ आहे असं मला वाटतं. फरक इतकाच, की अँडरसनची मुलगी निदान काड्या ओढते! विकायला दिलेला माल ती स्वतःच जाळते, एकेक करून, बापाचा मार बसेल हे माहीत असताना. आपण नक्कल करताना तिची थंडी घेतली आणि काड्या विसरलो.

त्याच पुस्तकात, थोडं पुढे, रे ब्रॅडबरीची ‘ऑल समर इन अ डे’ होती. (आमची दहावीची परीक्षा २०२१ साली कोविडमुळे रद्द झाली, त्यामुळे या गोष्टीवरचं माझं उत्तर कुणी तपासलंच नाही. तो राग आज इथे निघतोय असं समजा.) ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. गोष्ट घडते शुक्र ग्रहावर. माणसं तिथे राहायला गेलेली आहेत आणि तिथे सतत पाऊस पडतो. सात वर्षांतून एकदाच, तासा-दोन तासांसाठी पाऊस थांबतो आणि सूर्य दिसतो. वर्गातली मुलं नऊ वर्षांची आहेत. मागच्या वेळी ती दोन वर्षांची होती, त्यामुळे सूर्य कसा असतो हे कुणालाच आठवत नाही. आठवतं फक्त मार्गोला, कारण ती पृथ्वीवरून उशिरा आली. ती सूर्याची कविता लिहिते, गप्प राहते, इतरांच्यात खेळत नाही. आणि तिचे आईवडील तिला कदाचित पृथ्वीवर परत नेणार आहेत अशी कुजबुज आहे. एवढी कारणं मुलांना पुरतात. सूर्य निघायच्या आधी, बाई वर्गात नाहीत असं बघून, ती सगळी मिळून मार्गोला एका कपाटवजा खोलीत कोंडतात. मग सूर्य निघतो. मुलं बाहेर धावतात, आणि सूर्य इतका सुंदर आहे की मार्गोला विसरून जातात. शेवटी एका मुलीच्या तळहातावर पावसाचा एक मोठा थेंब पडतो. पुन्हा दारं बंद, पुन्हा सात वर्षं. आणि मग कुणाला तरी आठवतं, की ती अजून आत आहे.

शुक्राचं म्हणाल, तर ब्रॅडबरीने ही गोष्ट १९५४ मध्ये लिहिली तेव्हा ढगांखाली काय आहे हे कुणालाच दिसलेलं नव्हतं. ढग आहेत म्हणजे पाऊस असेल, जंगलं असतील, अशी कल्पना करायला मोकळीक होती. पुढे १९६२ मध्ये मरीनर-२ शुक्राजवळून गेलं आणि १९७० मध्ये रशियाचं व्हेनेरा-७ प्रत्यक्ष उतरलं. तिथे साडेचारशे अंशांहून जास्त तापमान, शिसं वितळावं असं. हवेचा दाब आपल्या नव्वदपट. ढग आहेत ते सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे, आणि त्यातून पडणारा पाऊस जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच त्याची वाफ होते. म्हणजे गोष्टीतलं विज्ञान चूक निघालं. ओरलला हे सांगितलं असतं तर एक्स्टर्नलने बाहेर काढलं असतं! पण गोष्ट आहे तिथेच आहे, कारण ती शुक्राची नव्हतीच मुळी. ती त्या दाराची होती.

शाळेत आम्ही उत्तर लिहिलं ते असं: मार्गोचं बालपण हिरावलं गेलं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण मार्क हवे होते. नीट बघा. मार्गो कपाटातून बाहेर आल्यावर तिचा चेहरा कसा होता, ती रडत होती का, काय बोलली, यातलं काहीच ब्रॅडबरी सांगत नाही. गोष्ट दार उघडल्यावर संपते. सगळा वेळ तो दाराबाहेरच्या मुलांकडे बघत असतो. ती एकमेकांच्या नजरेला नजर देऊ शकत नाहीत, पाय उचलत नाहीत, हळूहळू त्या दारापाशी जातात. सकाळी ज्यांनी तिला आत ढकललं, ती मुलं आणि आत्ता कडी काढणारी मुलं एकच आहेत, पण तशी राहिलेली नाहीत. मार्गोचा सूर्य गेला. निरागसता गेली ती या बाहेरच्यांची.

यावरून मी एकदा लायब्ररीत आपट्यांचा संस्कृत कोश उघडला. (मेकॅनिक्सची पुस्तकं असतात त्याच्या मागच्या रॅकवर आहे. धूळ झटकून घ्या.) आपण ‘निरागस’ म्हणतो तेव्हा डोक्यात काय असतं? गोड, भाबडं, काही न कळणारं. पण संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध. निरागस म्हणजे ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही तो. आणि गंमत म्हणजे इंग्रजी ‘इनोसंट’चंही तेच. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदावरून तो शब्द आला, त्याचा अर्थ इजा करणे. दोन्ही भाषांत मूळ मुद्दा काय माहीत आहे आणि काय माहीत नाही हा नाहीच. तुम्ही कुणाला काय केलंत, हा आहे.

आता या अर्थाने आपल्या मासिकातली ती कथा परत वाचा. सिग्नलवर भिजणाऱ्या मुलाने कुणाचं काय केलंय? काहीच नाही. तो शब्दशः निरागस आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्याचं बालपण खडतर असेल, भयंकर असेल, पण त्याने जे हरवलं असं आपण म्हणतो ते त्याने हरवलेलंच नाही. हरवलंय ते रिक्षात बसून त्याच्याकडे बघणाऱ्याने. आणि तो तर आवंढा गिळून मोकळा झाला!

हे माझ्या रूममेटला ऐकवलं तर ती म्हणाली, “अगं पण खरंच काही मुलांच्या हातात काहीच नसतं. त्यांनी काय करायचं? तू काय त्यांना चोऱ्या करायला लावणार आहेस का?” तिचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. म्हणून मी तिला कॅथरीन मॅन्सफील्डची ‘द डॉल्स हाउस’ वाचायला दिली. मॅन्सफील्ड न्यूझीलंडची, गोष्ट १९२२ सालची, आणि पुढच्याच वर्षी चौतिसाव्या वर्षी ती क्षयाने गेली.

बर्नेल नावाच्या सुखवस्तू घरातल्या तीन बहिणींना एक मोठं बाहुलीघर भेट मिळतं. शाळेतल्या मुली दोघी-दोघी करून ते बघायला येतात. फक्त केल्व्ही बहिणींना बोलवायचं नाही, कारण त्यांची आई लोकांकडे धुणं धुते आणि बाप तुरुंगात आहे असं बोललं जातं. त्यांचे कपडेसुद्धा लोकांनी दिलेल्या तुकड्यांचे. थोरलीचा फ्रॉक तर बर्नेलांच्याच घरातल्या जुन्या टेबलक्लॉथचा आहे. म्हणजे ज्यांच्या घरात तिला पाऊल टाकायचं नाही, त्यांचंच कापड अंगावर. हे वाचताना मला परदेश वगैरे काही वाटलं नाही. वेगळा कप आणि वेगळी पायरी आपल्याकडे काय कमी होती?

या गोष्टीत एक जागा आहे. मधल्या सुट्टीत एक मुलगी बाकीच्यांच्या आग्रहावरून केल्व्हींना डिवचायला जाते. मोठी झाल्यावर तू मोलकरीण होणार ना, असं विचारते. थोरली नुसती हसते. मग ती बापाच्या तुरुंगाचं काढते. आणि यानंतर काय होतं? सगळ्या मुली आनंदाने वेड्या होतात. दोरीवरच्या उड्या मारायला लागतात, आणि त्या दिवशी मारल्या तशा उंच उड्या त्यांनी कधीच मारल्या नव्हत्या. मला ही जागा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटावंसं वाटलं. क्रूरपणाने अंगात असं बळ येतं, मजा येते, हे कुठल्या बालसाहित्यात लिहितात? पण तुम्ही-आम्ही ती मजा ओळखतो. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी आपण सगळे अँटी-रॅगिंगचं हमीपत्र भरतो, पालकांची सही घेऊन. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून. कुठल्याही हमीपत्रात तो उंच उड्यांचा उल्लेख नसतो. पहिल्या वर्षाला आपण दाराच्या आतले असतो. दुसऱ्या वर्षी कडी आपल्या हातात येते, आणि त्यात काय एवढं, ‘इंटरॅक्शन’ तर आहे, असं म्हणायला किती दिवस लागतात हे प्रत्येक विंगला माहीत आहे.

असो. रूममेटच्या प्रश्नाकडे येते. केल्व्हींमधली धाकटी, एल्स, सगळ्या गोष्टीत जवळजवळ बोलतच नाही. बहिणीच्या फ्रॉकचं टोक धरून मागे चालते. म्हणजे आपल्या मासिकातल्या मुलाची अगदी हक्काची जागा. पण शेवटी बर्नेलांची धाकटी केझिया, घरच्यांची सक्त मनाई असताना, फाटकातून त्यांना आत बोलावते. थोरली नाही म्हणते. तेव्हा एल्स तिचा फ्रॉक ओढते. बस्, एवढंच करते ती. त्या ओढण्यामुळे दोघी आत जातात, बाहुलीघर बघतात, मावशी येऊन कोंबड्या हाकलाव्यात तसं त्यांना हाकलते, आणि मग रस्त्याच्या कडेला बसल्यावर एल्स बहिणीला सांगते की त्या घरातला चिमुकला दिवा तिने पाहिला. गरीब मुलाला काही करू देणं म्हणजे त्याला चोर करणं नव्हे. फ्रॉक ओढण्याइतकं पुरतं.

जेम्स जॉइसची ‘अ‍ॅरबी’ ही तर या विषयाची सरकारी गोष्ट. ‘डब्लिनर्स’ हा तिचा संग्रह प्रकाशकांच्या नकारांमुळे बरीच वर्षं रखडून १९१४ मध्ये छापला गेला. मुलगा, शेजारची मुलगी, तिच्यासाठी जत्रेतून काहीतरी आणायचं वचन, उशिरा घरी येणारा काका, बंद होत आलेलं दुकान. गोष्ट उत्तम आहे, पण तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी आणखी भर घालत नाही. एवढंच लक्षात घ्या की शेवटी अंधारात उभा राहून तो मुलगा जगावर रडत नाही, स्वतःवर चिडतो.

त्यापेक्षा मला ‘ईदगाह’बद्दल बोलायचंय, कारण प्रेमचंदांच्या या गोष्टीवर (१९३३) आपण सगळ्यांनी मिळून फार अन्याय केलाय. हिंदीच्या पेपरात तिचं तात्पर्य लिहायचं: त्याग, आजीवरचं प्रेम, संस्कार. हामिद चार-पाच वर्षांचा, आईबाप नाहीत, खिशात तीन पैसे. बाकीची मुलं मिठाई आणि मातीची खेळणी घेतात, हा आजीचे हात तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेतो. बरोबर? बरोबर. पण मधलं सगळं कुठे गेलं? मिठाईच्या दुकानापाशी याच्या तोंडाला पाणी सुटतं. मित्र खायला दाखवतात आणि देत नाहीत, तेव्हा हा मनातल्या मनात शाप देतो, की खा, खा, तोंड येईल, फोड येतील! नंतर चिमटा खांद्यावर टाकून असा काही वाद घालतो की मातीचा शिपाई, मातीचा वकील सगळे चीत. निव्वळ फेकाफेक करतो. आमच्या डिबेट क्लबमध्ये असता तर कप आणला असता त्याने. हामिद संत नाही. तो हेवा करणारं, हिशोब करणारं, बढाया मारणारं पोर आहे, आणि म्हणून चिमटा विकत घेताना त्याच्या हातून काय सुटतंय हे आपल्याला कळतं. शेवटी आजी आधी चिडते, मग रडते, आणि प्रेमचंद भूमिकाच उलटी करून टाकतात. पोर म्हातारं होतं, म्हातारी पोर होते. गोष्ट ईदच्या सणाची आहे, पण मला ती दर वेळी थोडी भीतीदायक वाटते. पाच वर्षांच्या मुलाने इतकं शहाणं असू नये.

मराठीत काय? मराठीत आपण बालपण म्हटलं की ‘श्यामची आई’वर येऊन थांबतो. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ ला छापलं गेलं, १९५३ मध्ये अत्र्यांनी सिनेमा केला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. आपल्या सगळ्यांच्या घरी त्याची एक तरी प्रत आहे. पुस्तकावर रडणारे आणि हल्ली त्याला हसणारे, दोघेही एक विसरतात. श्याम भलताच उचापती होता. पोहायला जायचं नाही म्हणून माळ्यावर लपून बसतो, आणि आई त्याला फोकाने झोडून बाहेर काढते. गोष्ट सांगणारा मोठा श्याम सारखा गहिवरतो, त्यामुळे लहान श्याम काय काय करत होता हे आपल्याला दिसेनासं होतं. आपल्या मासिकात येणाऱ्या कथांनी नेमका तो गहिवर उचललाय.

गहिवर वजा केल्यावर काय उरतं ते बघायचं असेल तर प्रकाश नारायण संत वाचा. आपल्या हॉस्टेलवर हे नाव फार थोड्यांना माहीत आहे. ‘लंपन’ म्हटलं की मात्र काहींचे डोळे चमकतात, २०२४ मध्ये त्यावर वेबसिरीज आली म्हणून. संत कराडच्या सायन्स कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, म्हणजे आपल्यातलेच म्हणा ना, दगड-मातीचे. इंदिरा संतांचा मुलगा. चारच कथासंग्रह: ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि २००३ मध्ये ते गेल्यानंतर आलेला ‘झुंबर’. चारही पुस्तकं एकाच मुलाची. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहायला पाठवलेला लंपन. बेळगावकडची, कानडीच्या शेजाराची मराठी.

हा लंपन काय करत नाही ते विचारा. भटकतो, भांडतो, हजारांच्या भाषेत वाट्टेल ते आकडे फेकतो, सुमीकडे बघून त्याला मॅडसारखं काहीतरी व्हायला लागतं आणि ते काय आहे हे त्याला सांगता येत नाही. मुख्य म्हणजे तो ‘माझं बालपण हरवलं’ असं एकदाही म्हणत नाही. कसं म्हणेल? ते त्याच्याकडे अजून आहे! ‘बालपण’ हा शब्दच मोठ्यांचा आहे. मुलाला ते नुसतं ‘आज’ असतं. त्याच्या वडिलांचा मृत्यूसुद्धा पुढे येतो, पण संत मागून येऊन खांद्यावर हात ठेवत नाहीत, मोठ्या माणसाच्या आवाजात काही समजावत नाहीत. जे दिसतं ते लंपनला दिसतं तेवढंच. मी कॉन्व्हेंटवाली, अर्धे शब्द मला विचारावे लागले. घरी फोन करून आजीला विचारले. पण पोटात खड्डा पडायला शब्द कळावे लागले नाहीत.

‘वनवास’ हे नाव मला फार आवडतं. आईवडिलांपासून लांब राहायला पाठवणं हा आपल्या सगळ्यांचाच विषय आहे. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री बाथरूमचा नळ सोडून कोण कोण रडलं होतं हे आम्हा एलएचवाल्यांना माहीत आहे, बीएचमध्ये नळ न सोडता रडत असतील. म्हणून शेवटी टागोरांची ‘छुट्टी’. १८९२ सालची, मी हिंदी आणि इंग्रजी अनुवादांतून वाचली.

फटिक तेरा-चौदाचा. टागोर म्हणतात तसं हे वयच असं, की ना गोडवा, ना उपयोग, सगळ्यांना अडचण. गोष्टीची सुरुवात नदीकाठी होते. एक मोठा ओंडका पडलेला आहे आणि ज्याला तो लागणार आहे त्याची फजिती करायची म्हणून फटिक पोरांना घेऊन तो ढकलायच्या तयारीत आहे. धाकटा भाऊ माखन येऊन त्यावर मख्खपणे बसतो. फटिक म्हणतो, ढकला याच्यासकट! माखन पडतो, घरी जाऊन उलटं सांगतो, फटिक त्याला लगावतो, आई फटिकला. तेवढ्यात कलकत्त्याचे मामा येतात आणि या उनाड पोराला शिकायला शहरात न्यायचं ठरवतात. फटिक खूश! निघताना माखनला आपला गळ, पतंग, फिरकी, सगळं देऊन टाकतो, कायमचं.

या दोन पानांत फटिक किती काय काय करतो बघा. आणि कलकत्त्यात? तिथे त्याला करण्यासारखं काहीच नाही. मामीला तो नकोसा. शाळेत मार. पुस्तक हरवतं, तर महिन्यात पाच वेळा तुझ्यासाठी पुस्तकं आणायची का, असं मामी विचारते. मामाला तो विचारतो, घरी कधी जायचं? मामा म्हणतात, सुट्टी लागली की. फटिक दिवस मोजायला लागतो. (आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो हिशोब आहे.) मग ताप भरतो. मामीला आजारपणाचा त्रास नको म्हणून तो पावसात घरातून निघून जातो, पोलीस चिखलाने माखलेल्या, थरथरणाऱ्या फटिकला परत आणतात. मामी दिवसभर धड जेवलेली नसते काळजीने, आणि तरी तोंडातून पुन्हा तेच निघतं, परक्याच्या पोराचा कशाला त्रास, पाठवून द्या त्याला. तापात फटिक बोटीवरच्या खलाशांसारखा पाण्याची खोली मोजत राहतो. येताना त्याने ते ऐकलं होतं. दोर सोडतो, पण तळ लागत नाही. आई येते, त्याला हाका मारते. त्याला वाटतं सुट्टी लागली, आता घरी जायचं.

या गोष्टीत निरागसता कुणाची गेली, असा प्रश्न पेपरात आला तर नव्वद टक्के उत्तरपत्रिका फटिकचं नाव लिहितील. मी लिहिणार नाही. ओंडका ढकलण्यापलीकडे फटिकच्या हातून काही झालेलं नाही. आई खाटेवर कोसळते, मामा तिला आवरायला बघतात. त्या शेवटच्या प्रसंगात मामी कुठे आहे, हे टागोर सांगत नाहीत. दाराशी असेल, स्वयंपाकघरात असेल. मी दर वेळी वाचताना तिला शोधते.